गारेनच्या गाडीच्या स्प्रिंगा

नॉर्वेच्या उत्तरेकडल्या कौतोकेइनोच्या गॅरेजात एल्ले रांगेत उभी होती. तिच्यापुढे म्हातारा माहत्ते आणि त्याची बायको गारेन.

"आन्ते, हिची स्नोमोबाईल भुसभुशीत बर्फात पुढून रुतते. स्प्रिंगा जरा मऊ कर बाबा," माहत्ते मेकॅनिकला म्हणाला.

"आणि यांची रुतत नाही होय! परवा कुणी उपसून काढलं?"

"किती मऊ, ते चालवणाऱ्याच्या वजनावर. मावशी, तुमचं किती?"

"बासष्ट किलो," माहत्तेच बोलला.

"बावन्न," गारेन हळूच म्हणाली.

"मला म्हणालीस, कोटच ताणून सैल पडलाय!"

"अहो, खरं सांगितलं असतं तर काळजीने तुम्ही जेवण सोडलं असतं."

एल्लेने नजर भिंतीवर टांगलेल्या इंजिनाच्या पट्ट्यांकडे वळवली.

"काका, मग बावन्नला लावू?"

"लाव. वसंतात रेनडियर विणीला लागेपर्यंत हिला रोज रस्सा पाजतो. मग बासष्टच्या बसवायला येऊच."