होकायंत्र आणि लक्ष्मणरावाची म्हैस

उटनूरच्या नव्या घराचं दार होकायंत्र पाहून बिनचूक पूर्वेला बसलं, तर दिशा काढणाऱ्या जोशीबुवांना द्यायचं पुरणाचं जेवण वाचणार होतं. घरमालक डोमाजींचा फायदा एवढाच. होकायंत्र दिलं होतं भाच्यानं, दौलतनं. तो जहाजावर नोकरीला. पंचाण्णव साली तो सुटीवर आला, तेव्हा आदिलाबादच्या बसस्टँडवर मामा डोमाजी आणि मामी रेणुकाबाईंसोबत माझ्यापुढंच रांगेत उभा होता.

"दौलत, तुह्यं होकायंत्र खोटं हाय. चौकट बसवली अन् दार वाकडं."

"दार उघडलं का समोर शेजारच्या लक्ष्मणरावाची म्हैस," रेणुकाबाई म्हणाल्या. "पाहुणे पयले तिलेच भेटतील."

"मामा, यंत्र ठेवलं कुठं होतं?"

"सळयांच्या गठ्ठ्यावर. सपाट, पक्की जागा."

"लोखंडावर? लोखंड काट्याले ओढते, मामा. आमचं तर अख्खं जहाजच लोखंडाचं."

"मंग समुद्रात वाट चुकून राह्यले का तुमी?"

"नाई. आमी कुठं आहो ते उपग्रह सांगते. समुद्र संथ असला का थोडं सरळ जातो, पुन्हा त्याले विचारतो. त्या दोन जागांमधली रेघ म्हंजे खरी दिशा. काटा तिच्याहून किती फिरला, ते पाहतो."

"मंग घरासाठी उपग्रह बोलावू का मी?"

"उपग्रह काऊन?" रेणुकाबाई म्हणाल्या. "जोशीबुवा काडी रोवून सावली पाहतात."

"मामी, जहाजावर आमीही सूर्य पाहून काटा तपासतो."

"ऐकलं का जी?"

डोमाजी बस येते का ते पाहू लागले.

"मंग पुरणाले डाळ किती भिजवू?" रेणुकाबाईंनी विचारलं.

शेवटी जेवण जोशीबुवांनाही ठरलं आणि चौकट उखडणाऱ्या गवंड्यालाही. खर्च डोमाजींचा. पुरण मात्र पाट्यावर रेणुकाबाईंनाच वाटायचं होतं.