दार धरणारा

(संगणकावर संघाने खेळायचा खेळ चालू आहे; वीज आणि मैत्रीण शेजारी बसल्या आहेत, गोगलगाय दूर दुसरीकडून खेळतो आहे.)

वीज : गोगलगाय, एक विचारू? रागवायचं नाही हं. तू कुठल्या देशाचा?

गोगलगाय : राक्षस जवळ आला आहे. मी दार धरले आहे. कृपया आधी आपण जावे.

मैत्रीण : टाळतोय बघ! पैज म्हणजे पैज, वीज, देश वदवूनच घ्यायचा. सोडू नकोस त्याला.

वीज : अगं, दार धरलंय त्यानं! कुणीतरी धरल्याशिवाय ते उघडं राहत नाही, आणि धरणारा दरवेळी राक्षसाच्या तावडीत सापडतो. आपल्या चौघींपैकी एकीनं तरी धरलंय का कधी?

मैत्रीण : मग काय पाया पडू त्याच्या? विचार म्हणते ना!

वीज : गोगलगाय, ही माझ्या शेजारी बसून कान खातेय. सांगून टाक ना रे. नाहीतर पैज हरले मी.

गोगलगाय : मागच्या संघात सांगितले होते. त्यांनी मला काढून टाकले. हा प्रश्न सोडून दिल्यास मी आपला आभारी राहीन.

वीज : आम्ही नाही हं तसल्या! कप्तान आहे मी इथली. शब्द देते, जा!

गोगलगाय : आपल्या संघाच्या नावापुढे आपल्या देशाचा झेंडा आहे. त्या झेंड्याशी ज्यांची लढाई चालू आहे, ते आम्ही.

मैत्रीण : अगं बाई! आणि आपण याला गोगलगाय, गोगलगाय करत लाडावून ठेवलाय! हाकलायचं बटण फक्त कप्तानाकडे असतं. दाब.

वीज : थांब ना जरा...

मैत्रीण : कशाला थांबू? आमच्या शेजारच्या काकांचा पाय गेला त्या लढाईत. बाकीच्या दोघी बघ घरून काय काय लिहितायत त्याला!

वीज : ए, घाण नका ना लिहू! सगळं त्याच्या भाषेत पोचतं तिकडे!

गोगलगाय : पोचले. हरकत नाही. कप्तान, आपण बटण दाबू नये, आपल्याला जड जाईल. सगळ्या पलीकडे गेल्या की मीच निघेन. कृपया आधी आपण.

(स्वयंपाकघर. आई भांडी विसळते आहे, बाबा इस्त्री करत आहेत.)

आई : काय गं, एरंडेल प्यायल्यासारखं तोंड का केलंयस? ताट तसंच आहे.

वीज : आई, मघाशी सांगितलं ना, तो तिकडच्या देशाचा गोगलगाय, त्यानं धरलेल्या दारातून गेले मी. तो म्हणाला आधी आपण, आणि मी गेले. वळून बघितलं तर दार बंद.

बाबा : अगं, खेळातलं दार ते.

आई : आणि तिकडचा माणूस! तुझा दादा तिथे सीमेवर छावणीत पडलाय. त्याचा निरोप येईपर्यंत माझ्या घशाखाली घास उतरत नाही, आणि ही बया त्यांच्यासाठी डोळे गाळतेय!

वीज : दादाची काळजी मला नाही होय गं?

बाबा : आणि ते 'कृपया' न् 'आपण' त्याचं नव्हेच. खेळच भाषांतर करतो ना? यंत्राची साखरपेरणी ती. तिकडून शिव्याही घालत असेल.

वीज : घालत असेल. शब्द यंत्राचे असतील, बाबा. दार कुणी धरलं मग?

बाबा : ...कॉलर राहिली बघ या शर्टाची.

वीज : शोधलं मी त्याला. माफी मागायची होती. 'असा खेळाडू नाही' एवढंच येतंय.

आई : मग मिटलं. तू काय करणार आहेस त्यात? लढाई थांबवणार आहेस?

वीज : माझं कोण ऐकतंय? तीन मैत्रिणींना गप्प करता आलं नाही मला. आता त्या मलाच म्हणतायत, जा तुझ्या गोगलगायीकडे.

बाबा : सोडून दे मग तो खेळ. अभ्यासाला लाग.

वीज : खेळ नाही सोडत. कप्तानपद सोडलं, आत्ताच कळवलं त्यांना. आणि आई, तू रागाव हवं तर, पण ठरलंय माझं. उद्यापासून दार मी धरणार.