माहेरचा बैल, सासरचा कॉम्प्युटर

(संगीता आक्का निपाणीजवळच्या आमच्या गावात लग्नाचे आणि बैलगाडी शर्यतींचे व्हिडिओ जोडून देतात. मी त्यांच्या शेजारी राहते. त्या बोलल्या तसंच उतरवण्याचा प्रयत्न केला आहे. कुठं कमी पडलं असेल तर ते माझं.)

माझं माहेर चिकोडीच्या अलीकडं, घरात कानडी बी आणि मराठी बी, भांडताना कानडी आणि देवापुढं मराठी. आई निपाणीच्या वखारीत तंबाखू निवडायला जायची, शाळा सुटली तशी मीबी तिच्या मागनं जायला लागले, काडी येगळी, पान येगळं, कचरा येगळा, नाकाला फडकं बांधलं तरी दिवसभर शिंका. तुझ्या घरात कॉलेजात जाणारी तू पहिली, तसं आमच्या घरात वखारीच्या बाहेर पडलेली मी पहिली, म्हणून तुला सांगायला बरं वाटतंय बघ.

लगीन करून हितं आले तर ह्यांचा फोटोचा धंदा, पुढच्या सोप्यातच स्टुडिओ. आणि माझे दीर, दीपक भावजी, बेळगावला इंजिनिअरिंगला, त्यांनी खडेबाजारातनं एकेक भाग आणून सोता कॉम्प्युटर जोडलेला, गेम खेळायला. आणि नुसता जोडला न्हाय, कंपनीनं जेवढा वेग दिलाय त्याच्यापेक्षा जास्त वेगानं पळवलेला, त्याला ओव्हरक्लॉक म्हणतात, मला शब्द यायला लई दिवस लागले. पंखा असा घरघरायचा की सासू म्हणायची, दळण झालं काय गं? मग भावजी नोकरीला बेंगळुरूला गेले आणि कॉम्प्युटर आमच्या पदरात पडला. हे शूटिंग करायचे, पर व्हिडिओ जोडायला बाहेर द्यावं लागायचं, तवा मी म्हटलं मला शिकवा. भावजींनी फोनवर शिकवलं, वहिनी हे दाबा, वहिनी ते ओढा, आणि मी शिकले की गं. पहिली हळद मी जोडली तवा नवरीची आई येऊन माझा हात धरून रडली.

मग ह्यांनी नवा कॅमेरा घेतला आणि कॉम्प्युटर अडायला लागला. मेमरी कमी पडाली. मेमरी म्हंजे काय, तर वखारीत आम्ही गोणपाट अंथरून बसायचो, ढीग कितीबी असू दे, जेवढं गोणपाट तेवढाच पाला पसरणार. नव्या कॅमेऱ्याचा व्हिडिओ म्हंजे गाडी भरून पाला, आणि आमचं गोणपाट हातरुमालाएवढं. हे बेळगावला गेल्यावर मेमरीची एक पट्टी घेऊन आले, आणि ती कपाटातच पडून, का तर दीपक सुट्टीला येईल आणि बसवंल, आपण हात लावायचा न्हाय.

आणि अशात ती शर्यत झाली बघ.

शेवटच्या फेरीत दोन जोड्या, एक माझ्या भावाची, बाळूची, त्याचा हरण्या बैल, तोंड काळं कुळकुळीत, आणि दुसरी आमच्या तात्यांची, तात्या म्हंजे ह्यांचे चुलते, त्यांचा बादल, पांढराफेक. दोन्ही एकदम आल्या. एक पंच म्हणतोय हरण्या, दुसरा म्हणतोय बादल, काठ्या निघायच्या बाकी. तवा कुणीतरी म्हटलं, अरं रेघेवर कॅमेरा लावलाय की, त्यात बघा! झालं, कॅमेरा ह्यांचाच, दुपारी मी भाकरी थापालते आणि दारात जीप, मोटारसायकली, दोन गावची माणसं.

तात्या आत आले, मला बघितलं आणि म्हणाले, व्वा, न्याय करायला सूनबाई आणि एक बैल सूनबाईच्या भावाचा, मग निकाल माहेरला पोचलाच म्हणा की! सगळी हसली. बाळू तापला, तात्या आक्काला बोलू नका. मी म्हटलं, तू सुमकं बस रं, गप.

मी पीठ पुसलं, पदर खोचला, व्हिडिओ लावला. गाड्या आल्या, आल्या, चुन्याची रेघ हातभर राहिली आणि अडकलं. पडदा पांढरा. बंद करून परत लावलं, परत तितंच. तात्या म्हणाले, बघा रं, बरोब्बर रेघेजवळच थांबतंय, हे यंत्र अडलं न्हाय, हे सूनबाईचं मन अडलंय.

काय सांगू तुला, ते मला लागलं. पुन्हा ह्या गावात कुणाचं लगीन जोडायला कुठल्या तोंडानं बसायचं? कॅमेऱ्याच्या बारक्या पडद्यात बघितलं तर बैल म्हंजे दोन ठिपके. शर्यतीचे अध्यक्ष आप्पासाहेब म्हणाले, कॅमेऱ्यातलं कार्ड निपाणीला नेऊन बघू, तवा दोन्हीकडची माणसं एकदम ओरडली, कार्ड ह्या खोलीच्या भायेर जायचं न्हाय, गेलं की बदललं म्हणून समजा.

मी उठले आणि कपाटातनं ती पट्टी काढली. हे म्हणाले, अगं काय करालीस, लगीनसराईचं सगळं काम त्याच्यात हाय, बिघडलं तर? खरंच होतं त्यांचं. तरीबी मी वायर उपटली आणि डब्याचं झाकण काढलं.

आणि बाई, आत तंबाखू! निपाणीचं वारं ते, एवढ्या वर्षांची धूळ पंख्यानं आत ओढलेली. मी फुंकर मारली मात्र, पहिले आप्पासाहेब शिंकले, मग पंच, मग दोन्ही गावं, तात्या तर असे शिंकले की फेटा डोळ्यावर आला, आणि एक गडी म्हणतोय, तात्या, बैलाचं राहू दे, शिंकेत तुम्ही पहिले! तात्याबी हसले. तेवढंच वातावरण सैल झालं.

मग मी लेकीचं खोडरबर घेतलं आणि पट्टीची सोनेरी कड हळूच घासली, भावजींनी सांगितलेलं, अंगातली वीज जाऊ दे म्हणून आधी लोखंडाला हात लावला, खाच बघितली आणि दोन्ही टोकांवर दाबली, कट, कट. लावली वायर, दाबलं बटण, पंखा फिराला, पडदा काळाच. आणि टीं, टीं, टीं. तात्या हळूच म्हणाले, मारला बिचारा.

ह्यांनी भावजींना फोन लावला आणि माझ्या कानाला धरला. भावजी म्हणाले, वहिनी भिऊ नका, कॉम्प्युटर मेला न्हाय, त्याचा वेग मी वाढवलाय आणि नव्या पट्टीला तेवढं पळणं झेपंना. नवी काढा, जुन्यावर चालू करा, चालू होताना डिलीटचं बटण टकटक दाबत ऱ्हावा, एक निळा पडदा येईल, तितं वेग मूळच्यासारखा करा आणि मग नवी बसवा. एवढं सांगून झालं. म्हणाले, पर वहिनी, लई खपून बसवलेला वेग हाय तो, हॉस्टेलात कुणाचाच कॉम्प्युटर एवढा पळत नव्हता. मी म्हटलं, भावजी, घरात दोन गावं उभी हायत. तवा हसले आणि म्हणाले, काढा मग.

निळा पडदा आला, सगळं इंग्रजी. मी एकेक अक्षर लावून वाचालते आणि मागनं सगळी पंचमंडळी माझ्याबरोबर, एल, ओ, ए, डी, बालवाडी भरल्यागत! भावजी तिकडनं म्हणतात, हां, तेच, लोड डिफॉल्ट, दाबा. दाबलं. सगळं बंद केलं, नवी पट्टी परत बसवली, कट, कट, आणि बटण दाबताना मी डोळेच मिटले. एकदाच टीं झालं, म्हंजे सगळं बरोबर, आणि पडदा उजळला. ह्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली, सगळ्यांच्या देखत, तात्यांच्या देखत, मग आपलेच लाजले.

व्हिडिओ लावला. गाड्या आल्या आणि ह्या वेळी काय अडलं न्हाय, पाण्यागत चाललं. चाललं रं चाललं, म्हणून सोप्यात नुसता दंगा. मी रेघेच्या अलीकडं थांबवलं आणि खुर्चीवरनं उठले. म्हटलं, तात्या, तुम्ही बसा, हे बाणाचं बटण एकदा दाबलं की चित्र एवढंसं म्होरं जातंय. तात्या म्हणाले, मला काय कळतंय त्यातलं? आप्पासाहेब म्हणाले, बसा की तात्या, आता बघू तुमचं मन कुठं अडतंय.

तात्या बसले, बोट धोतराला पुसलं आणि दाबलं. खूर हवेत, तोंडाचा फेस हवेत, मातीचा कण न् कण दिसालाय. परत दाबलं. चिकोडीकडचं एक माणूस नोडरी, नोडरी, बघा बघा म्हणून पडद्याकडं बोट करालं, बाळूनं त्याच्या तोंडावर हात ठेवला. मी भिंतीकडं बघून उभी. तात्यांनी म्होरं नेलं, मागं आणलं, परत म्होरं नेलं. आणि म्हणाले, हरण्या हाय. नाक लागलंय त्याचं रेघेला, माझा मूठभर मागं हाय.

बाळूची माणसं उड्या मारत भायेर पळाली, गुलाल काय, शिट्ट्या काय. तात्या उठलेच न्हाईत. मला म्हणाले, थांब पोरी, बंद करू नको, माझा बादल किती सुंदर पळालाय ते बघू दे. आणि बराच वेळ बघत बसले, मी चहा दिला तो तसाच निवला.

आता कॉम्प्युटर जरा हळू हाय, पर अडत न्हाय, भावजी सुट्टीला आले की त्यांची बोटं शिवशिवत्यात, मी हात लावू देत न्हाय. आणि सांगायचं म्हंजे, आज सकाळच्या शर्यतीत परत तसंच झालंय! परत बाळूची जोडी, परत रेघेवर वाद, कुणीतरी म्हणालं, तिचा भाऊ हाय, दुसरीकडं दाखवा, तर तात्याच पुढं झाले, म्हणाले, त्या खुर्चीत मी बसलोय, कार्ड तिच्याकडंच जाईल. हे बघ कार्ड, आत्ताच आलंय, मी अजून उघडलं न्हाय, सगळी यायला लागल्यात. तू शीक, मोठी हो, देव तुला भरपूर यश देऊ दे, पर आता ती वही ठेव बाजूला आणि हितं सरकून बस, बघ तरी रेघेवर पहिलं कोण आलंय ते.