संपर्काचा रकाना

मी, खाली सही करणारी, वय ६३ वर्षे, शिक्षण बी.ए., धंदा विमान व बस तिकिटांचे बुकिंग, राहणार माझ्या ऑफिसच्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर, आज मंगळवारी सायंकाळी पावणेसहा वाजता पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून, विचारल्यावरून जबाब देते की,

माझे ऑफिस पहिल्या मजल्यावर आहे. एक काउंटर, दोन खुर्च्या, संगणक, काचेचे दार व त्यावर शटर. गेली एकतीस वर्षे मी ते एकटी चालवते. स्वस्त विमान कंपन्यांचे तिकीट बदलताना बरेच आकार दडवलेले असतात. बदलाचे शुल्क, भाड्यातला फरक, सीटचे पैसे, पुन्हा भरावे लागणारे सामानाचे पैसे, कार्डाने दिले तर त्याचे वेगळे. हे सर्व मी गिऱ्हाइकाला आधी मोठ्याने वाचून दाखवते व मगच काम करते. नंतर काही जास्तीचे निघाले म्हणून माझ्याकडे आजवर कोणी परत आलेले नाही.

तळमजल्यावरच्या ड्रायक्लीनरकडे एक बाई कपडे आल्टर करण्याचे काम करते. वय अंदाजे तीस. इमारतीत सर्व जण तिला आल्टरवाली म्हणतात. तिला पाच वर्षांची मुलगी आहे, तिला गुंडी म्हणतात. मी आल्टरवालीला चार वर्षे ओळखते. या काळात मी तिच्या अंगावर पुढील गोष्टी पाहिल्या : डाव्या कानाची पाळी फाटलेली, एकदा. मानेवर बोटांचे वळ, तीनदा. पुढचा एक दात पडलेला. कानाबद्दल मी विचारले होते, तेव्हा तिने मशीनची सुई लागली असे सांगितले. सुईने कान फाटत नाही हे मला कळत होते. मी पुढे विचारले नाही.

आज सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी ती गुंडीला घेऊन माझ्याकडे आली. तिच्या हातात रिळांचा पत्र्याचा डबा होता व डब्यात नोटा होत्या. ती म्हणाली, "मॅडम, बहिणीच्या गावाची दोन तिकिटं. आजचीच. कुठलंही विमान चालेल."

मी कारण विचारले. तिने सांगितले की नवऱ्याने दुसऱ्या शहरात नोकरी धरली आहे. येत्या सव्वीस तारखेला तिघांनी तिकडे जायचे असून तिकिटे त्याने स्वतःच्या फोनवरून काढली आहेत. "तिथं गेल्यावर मी बाहेर काम करायचं नाही, असं ठरलंय."

"कोणी ठरवलं?"

"ठरलंय, मॅडम."

तिने त्या तिकिटांचा कागद दाखवला. कंपनी बहिणीच्या गावालाही जाणारी होती. नव्या दोन तिकिटांना लागले असते त्याच्या निम्म्या खर्चात हीच दोन तिकिटे आजच्या विमानावर बदलता येत होती. हे मी तिला सुचवले. तिने सुचवले नव्हते.

ती म्हणाली, "नवीनच काढा ना. त्या बुकिंगला हात नको."

मी म्हणाले, "पैसे उतू चाललेत का तुझे? एवढं भरलेलं भाडं कंपनीला आंदण देणार?"

"त्याला कळणार नाही ना?"

मी म्हणाले, "तुमचं दोघींचं बुकिंग वेगळं काढून देते. त्याच्या तिकिटाला धक्कासुद्धा लागत नाही. कळायचंय काय त्यात?"

त्यावर ती खुर्चीवर बसली.

एका बुकिंगमधून दोन प्रवासी वेगळे काढायचे तर कंपनीला फोन करावा लागतो. फोनवरच्या मुलीने वेगळे काढण्याचे शुल्क तिन्ही माणसांवर लावले. नवरा प्रवास बदलत नाही, त्याच्यावर शुल्क लागत नाही, असे मी सांगितले. ती नियम वाचून दाखवू लागली. मी तिला त्याच नियमाचा पुढचा परिच्छेद वाचायला लावला. नंतर तिचा वरिष्ठ फोनवर आला, त्यालाही वाचायला लावला. यात चाळीस मिनिटे गेली. शेवटी त्यांनी तिसऱ्या माणसाचे शुल्क काढून टाकले. आल्टरवाली हसून म्हणाली, "मॅडम, तुम्ही आमच्या मालकाशी एकदा बोला की. पगारवाढ होईल." त्या वेळी मला बरे वाटत होते.

अकरा वाजून बारा मिनिटांनी मी बदल पक्का केला.

येथे एक गोष्ट नोंदवायची आहे. बुकिंगमध्ये संपर्काचा एक रकाना असतो. तिकिटात काहीही बदल झाला की त्या रकान्यातल्या नंबरवर आपोआप मेसेज जातो. बुकिंग वेगळे काढले तरी जुनाच नंबर नव्या बुकिंगला लागून येतो. म्हणून आधी नंबर बदलायचा व मग तारीख, हा क्रम आहे. हा क्रम मला माहीत आहे. आज मी नंबर बदलला नाही. माझे लक्ष शुल्कावर होते.

त्यानंतर नेहमीप्रमाणे मी सगळे आकार तिला वाचून दाखवले व सही घेतली. मध्येच गुंडीने विमानाची खिडकी उघडता येते का असे विचारले. मी म्हणाले, "नाही. उघडत असती तर त्याचेही पैसे लावले असते." आल्टरवालीला घाई होती. मी तिला बसवून ठेवले, कारण सामानाचे वजन समजावून द्यायचे राहिले होते.

अकरा वाजून एकतीस मिनिटांनी तिचा नवरा आत आला. तो चौकातल्या टायरच्या दुकानात काम करतो. अंगात कामाचे कपडे होते. त्याने आत येऊन दाराला कडी घातली व मला म्हणाला, "नमस्कार, मॅडम." मग फोन समोर धरून मोठ्याने वाचले, "आपल्या विनंतीनुसार दोन प्रवाशांचे तिकीट बदलण्यात आले आहे. आपला प्रवास सुखाचा होवो."

तो बायकोला म्हणाला, "सुखाचा होवो म्हणतात गं. सामान किती किलो घेतलंयस? मला सांगायचंस, उचलून दिलं असतं."

आल्टरवालीने पायाने गुंडीला माझ्या काउंटरखाली सरकवले. ही हालचाल तिने न बघता केली, त्यावरून ती पहिल्यांदा करत नसावी असे मला वाटले.

त्याने तिचे केस धरून तिचे तोंड काउंटरच्या कडेवर आपटले. दोनदा. वरचा ओठ नाकापर्यंत फाटला. मी दाराची कडी काढायला सांगितले. तो म्हणाला, "म्हातारे, तुझं कमिशन मिळालं ना? मग तोंड बंद." मी फोन उचलला तेव्हा त्याने कार्ड घासायचे यंत्र माझ्या कपाळावर मारले. फोन खाली पडून फुटला. मला काही वेळ डाव्या डोळ्याने दिसत नव्हते.

मग त्याने तिचा उजवा हात काउंटरवर ठेवला. "याच हातानं पैसे साठवलेस ना?" असे म्हणून त्याने तिची मधली दोन बोटे मागे वाकवली. ती मोडेपर्यंत वाकवली. मोडल्याचा आवाज दोनदा आला, एकाच वेळी नाही. तोवर ती ओरडली नव्हती. दुसऱ्या बोटाला ती फक्त "गुंडी, कान झाक" असे म्हणाली.

त्यावरून मुलगी कुठे आहे ते त्याला कळले. त्याने वाकून गुंडीचा पाय धरला व तिला बाहेर ओढले. मुलीने टेबलाचा पाय धरून ठेवला होता. त्याने तिच्या पाठीत लाथ घातली.

शटर ओढायची लोखंडी आकडी माझ्या खुर्चीमागे असते. लांबी अंदाजे चार फूट. मी ती घेऊन त्याच्या कोपरावर मारले. त्याचा हात सुटला. तो माझ्याकडे वळला, तेव्हा मी गुडघ्यावर मारले. तो खाली पडला. गुंडी तोवर आईजवळ गेली होती व दोघी भिंतीला टेकून होत्या. त्याच्या हातात काही नव्हते. तो "बास, बास" म्हणत होता. त्यानंतर मी तिसरा फटका मारला. तो गळ्याजवळच्या हाडावर बसला व हाड मोडले.

हा तिसरा फटका झटापटीत बसला का, असे फौजदारांनी विचारले. नाही. मी आकडी दोन्ही हातांनी नीट धरून घेतली होती.

माझ्या ऑफिससमोर दवाखाना असलेल्या दातांच्या डॉक्टरांनी आवाज ऐकून काचेचे दार अग्निशामक नळकांड्याने फोडले. नळकांडे त्यांना त्यांच्या पेशंटने आणून दिले. पेशंटच्या तोंडात कापूस होता, त्यामुळे तो ओरडू शकत नव्हता, परंतु त्याने आत येऊन नवऱ्याच्या छातीवर पाय ठेवला व पोलीस येईपर्यंत काढला नाही. डॉक्टरांनी आल्टरवालीच्या ओठाला सात टाके घातले, बोटांना पट्ट्या बांधल्या, गुंडीची पाठ तपासली व माझ्या कपाळाला चार टाके घातले. त्यांनी सर्व जखमांचे फोटो व दाखला आपणाकडे दिलेला आहे.

नवऱ्याला रुग्णालयात नेताना त्याचा फोन त्याच्या धाकट्या भावाने घेतला. बदललेल्या तिकिटाचे विमान, वेळ व गाव त्या फोनवर होते. म्हणजे ते तिकीट आता वापरण्यासारखे राहिले नव्हते. डॉक्टरांच्या खुर्चीवर आल्टरवालीला टाके पडत असताना मी त्यांच्या संगणकावरून दुसऱ्या कंपनीच्या, त्याआधी सुटणाऱ्या विमानाची दोन तिकिटे काढली. नवीन, पूर्ण भाड्याची. संपर्काच्या रकान्यात माझ्या घरचा नंबर घातला. डॉक्टरांनी दुपारचे पेशंट रद्द करून दोघींना स्वतः विमानतळावर सोडले.

दीड वाजता मला येथे आणण्यात आले. नवऱ्याचा भाऊ बाकावर माझ्याशेजारी येऊन बसला. तो म्हणाला, "काकू, झालं गेलं सोडा. वहिनी कुठंय तेवढं सांगा. आम्ही केस करत नाही."

मी म्हणाले, "मी तुमची काकू नाही."

"वय बघून म्हटलं."

"हाडं मोडताना तुमच्या भावाने वय विचारलं नव्हतं."

दोघींचे विमान सुटून गेल्यावर, दोन वाजून पन्नास मिनिटांनी, मी डॉक्टरांनी दिलेल्या जुन्या फोनवरून आधीच्या, बदललेल्या तिकिटावर दोन सीट पैसे भरून घेतल्या व चेक-इन केले. त्याचा मेसेज भावाजवळच्या फोनवर गेला. तो वाचून भाऊ उठला, बाहेर जाऊन कोणाला तरी म्हणाला, "विमानतळावर ये. दोघं-तिघं घेऊन ये," व गाडीने गेला. हे दारावरच्या शिपायानेही ऐकले आहे.

तीनपासून फौजदार जबाब मागत होते. माझ्या छातीत धडधडते, थांबा, असे मी त्यांना दोनदा सांगितले. ते खोटे होते. जबाबाची प्रत समोरच्या पक्षाला मिळते हे मला माहीत आहे, म्हणून मी वेळ काढला. पाच वाजून पस्तीस मिनिटांनी डॉक्टरांच्या त्या जुन्या फोनवर फोन आला, तेव्हा मी तयार असल्याचे सांगितले.

फोन आल्टरवालीचा होता. टाक्यांमुळे तिचे शब्द नीट फुटत नव्हते. दोघी पोचल्या. बहीण घ्यायला आली होती. गुंडी झोपली होती. मी हाताबद्दल विचारले. तिथल्या डॉक्टरांकडे नेणार आहेत, कात्री पुन्हा धरता येईल की नाही ते ते बघून सांगतील, असे ती म्हणाली. मग ती म्हणाली, "मॅडम, नव्या तिकिटांचे जास्तीचे किती झाले? मी पाठवते."

आकडा न सांगता मी फोन ठेवला.

ती कोणत्या गावी आहे, हे मी या कागदावर सांगणार नाही. तिचा जबाब तिथल्या पोलीस ठाण्यात ती स्वतः देईल. त्या ठाण्याचे नाव मी फौजदारांना तोंडी सांगितले आहे.

माझा जबाब टाइप झाल्यावर मी चष्मा लावून स्वतः वाचला. तिसऱ्या फटक्याचे वाक्य मला अडचणीचे आहे, ते गाळता येईल, असे फौजदारांनी सुचवले. संपर्काचा नंबर न बदलणे हा कोणत्याही कायद्याने गुन्हा होत नाही, तेव्हा त्या परिच्छेदाचीही गरज नाही, असेही ते म्हणाले. दोन्ही मजकूर मी ठेवायला लावले आहेत. बाकी एक शब्दही बदललेला नाही. लिहिले आहे ते घडले तसेच आहे, म्हणून खाली सही करते.