काडतुसातली पांढरी भुकटी

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आमच्या मीनाकाठ नेमबाजी मंडळाचे आधारस्तंभ माननीय संपतराव, घोडेगावहून वेळ काढून आलेले प्रमुख पाहुणे, व्यासपीठावरील मान्यवर, सत्कारमूर्ती इस्माईलभाई, जैबुन्निसा भाभी, आणि वारूळवाडीपासून डिंगोऱ्यापर्यंतच्या गावांतून जमलेल्या माझ्या बंधुभगिनींनो,

तुम्हा सर्वांना या कुशाबाचा नमस्कार. मंडळाचा सचिव म्हणून चार शब्द बोलायची जबाबदारी माझ्यावर टाकली आहे. का टाकली, हे मला अजून कळलेलं नाही. संपतरावांनी जरा जास्तच गळ घातली, आणि कुणी जास्त गळ घातली की माझ्या मनात पाल चुकचुकते.

हसू नका. माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे. सत्काराचा नारळसुद्धा मी कानाशी हलवून घेतला. खताच्या गोणीत मीठ निघालेलं मी या डोळ्यांनी पाहिलं आहे. त्या दिवसापासून घरात येणारी प्रत्येक पुडी मी आधी फोडून बघतो.

इस्माईलभाईंबद्दल काय बोलावं? बावीस वर्षं त्यांनी आमच्या मुलामुलींना नेमबाजी शिकवली. शिकार कायद्यानं कधीच बंद झाली. बाराबोर बंदुका पिकाच्या राखणीच्या परवान्यावर खुंटीला टांगलेल्या. त्या बंदुकीचा खेळही होतो, हे या माणसानं आम्हाला दाखवलं. यंत्रातून मातीची चकती उडते, ती खाली यायच्या आत फोडायची. सोपं वाटतं ना? एकदा करून बघा.

काडतुसांच्या कपाटाची किल्ली त्यांच्याकडेच असायची. पुढं ती का राहिली नाही, हे मानपत्रात लिहिलेलं नाही. मी सांगतो. अध्यक्षमहाशय, दोन मिनिटं जास्त घेईन.

तीन वर्षांपूर्वी जिल्ह्याच्या स्पर्धेला मंडळातून एकच मुलगी जाणार होती. दोघी तयारीच्या होत्या. एक माझी नात श्रेया, दुसरी इस्माईलभाईंची नात मनाल. निवड चाचणीला महिना असताना इस्माईलभाईंनी नव्या प्रकारची काडतुसं मागवली. मनाल त्यांवर सराव करू लागली. त्यांनी श्रेयालाही दिली होती, पण मी म्हणालो, आपली जुनीच बरी. नवं काही आलं की त्यात कुणाचा तरी फायदा असतो, असं माझं मत.

चाचणीला तीन दिवस उरले असताना मी त्यातली दोन काडतुसं मागून घेतली आणि एक घरी चाकूनं कापलं. ताटात ओतलं तर छर्र्यांबरोबर पांढरी भुकटी, बारीक रव्यासारखी. मला काय वाटलं असेल? भेसळ. छर्रे कमी भरले आणि जागा भुकटीनं भरून काढली. दुसऱ्या दिवशी बैठक बोलावली आणि सगळ्यांसमक्ष ते ताट इस्माईलभाईंपुढं ठेवलं.

ते शांतपणे म्हणाले, "कुशाबाभाऊ, ही भेसळ न्हाई. बार उडतो तवा छर्रं एकमेकांवर आदळून चेपत्यात. चेपलेला छर्रा वाकडा पळतो. ही प्लास्टिकची भुकटी मधी असली की छर्रं गोल ऱ्हात्यात, लई पांगत न्हाईत. अंडी भुशात ठिवतो ना, तसं हाय. इश्वास नसंल तर कागदावर मारून बघा."

इतकं सरळ उत्तर आल्यावर माझा संशय दुप्पट झाला. किल्ली काढून घेतली, खोक्यांना सील लावलं, आणि चाचणी जुन्याच काडतुसांवर होईल असा ठराव केला. सूचक मी, अनुमोदक गेणभाऊ. गेणभाऊ, खाली बघू नका, तुमचा यात दोष नाही.

आता जे सांगतो ते इतिवृत्तात नाही. चाचणीच्या आदल्या दिवशी दुपारी मी एकटा रेंजवर गेलो. चाळीस पावलांवर फळीला कागद ठोकले. एक बार जुन्याचा, एक माझ्याकडं उरलेल्या नव्याचा. सुतळीनं दोन्हीकडं सारखं वर्तुळ काढलं आणि आतलं एकेक भोक पेन्सिलीनं खूण करत मोजलं. जुन्याची एकशे ऐंशी. नव्याची दोनशे एकतीस. पुन्हा मोजली, कारण माझा माझ्यावरही भरवसा नसतो. दोनशे एकतीसच भरली.

म्हणजे इस्माईलभाई खरं बोलत होते. मग मी सील काढलं का? नाही काढलं. श्रेया माझी नात होती.

दुसऱ्या दिवशी पंचवीस चकत्यांपैकी श्रेयानं बावीस फोडल्या, मनालनं एकवीस. महिनाभर एका काडतुसाची सवय झालेल्या मुलीच्या हातात आम्ही ऐन वेळी दुसरं दिलं आणि ती एका चकतीनं मागं राहिली. श्रेया जिल्ह्याला गेली, तिथून राज्याला. याच सभागृहात तिचा सत्कार झाला. मनालनं बंदूक खाली ठेवली, ती पुन्हा उचलली नाही.

इस्माईलभाई मात्र श्रेयाला शिकवत राहिले. आणि ते सील? ते मी महिन्याभरात गुपचूप काढलं आणि ती काडतुसं श्रेयाला सरावाला दिली. रिकामी टरफलं गोळा करताना इस्माईलभाईंनी एक उचलून पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि बादलीत टाकलं. बोलले काही नाहीत. त्यांच्या त्या गप्प बसण्याचाही मी तीन वर्षं संशय घेतला. हा माणूस कशाची वाट बघतोय? कुणापुढं मला उघडं पाडणार?

गेल्या मंगळवारी या समारंभाचं आमंत्रण द्यायला त्यांच्या घरी गेलो आणि राहवलं नाही. विचारलंच. ते म्हणाले, "तुमचं कागद फळीलाच ऱ्हायलं व्हतं, भाऊ. चाचणीच्या सकाळी म्या बघितलं. पेन्सिलीच्या खुणाबी बघितल्या."

मी म्हणालो, मग बोलला का नाहीत?

"कसा बोलणार? माज्यावर आदीच संशय. लोक म्हणलं असतं, नातीसाठी बोलतोय." पुढं म्हणाले, "वाईट एकाच गोष्टीचं वाटतं. मनाल अजून म्हणती, माजाच हात हालला."

मंडळी, त्यासाठी मी आज उभा राहिलो. श्रेयाला सकाळीच सांगितलं. ती समोर बसली आहे आणि माझ्याकडं बघत नाही. तिचं बरोबर आहे. माझा सचिवपदाचा राजीनामा अध्यक्षांच्या फाइलीत आहे. तुमच्यातले काही म्हणतील, हा एवढं कबूल करतोय, त्यातही याचा काही डाव असणार. खुशाल तपासून बघा. तुमच्या जागी मी तेच केलं असतं.

मनाल, पोरी, तुझा हात हलला नव्हता.

अध्यक्षांचे, पाहुण्यांचे आणि एवढा वेळ खुर्ची न सोडणाऱ्या तुम्हा सर्वांचे मनापासून आभार. बोलण्यात कुणाचं नाव राहिलं असेल, एखादा शब्द कमीजास्त गेला असेल, तर तेवढं पोटात घाला. बाकीचं पोटात घालू नका. ते माफ करायचं की नाही हे मनालनं ठरवायचं आहे, आणि तिला कुणी घाई करू नये.