साहेबाच्या नावाचा पंप

तुम्ही आधी चहा खाली ठेवा, नाईतर हसताना सांडवसान.

आमच्या कोरपन्याकडच्या सिमेंट कंपनीत मशिनींची नोंद ठेवाले साहेबानं टीम बनवली. हर मशिनीवर तिले सांभाळणाऱ्याचं नाव पाहिजे. कागदी स्टिकर लावले, ते धुळीनं आठ दिवसांत गळले. मी तिथं झाडूवाली. बोलून गेली, "साहेब, माह्या मायच्या पाणी भराच्या पितळी गुंडावर कोरलेलं नाव अजून मिटलं नाई."

साहेब म्हणे, "मग तुम्हीच या टीममध्ये. पण काम बिघडलं तर झाडूही जाईल."

मी भांड्यांवर नावं टाकणाऱ्या गणपतभाऊले आणलं अन् मशिनी-नावांची यादी देल्ली. संध्याकाळी पाह्यते तं साहेब स्वतःच्याच जिम्म्यातल्या मोठ्या पंपापाशी लालबुंद. पंपावर कोरलं होतं, 'कै. वामनराव साहेब यांच्या स्मरणार्थ.'

गणपतभाऊ म्हणे, "एवढी मोठी वस्तू लोकं मेलेल्याच्याच नावानं देतेत नं!"

साहेब ओरडला, "बाई, मी जिवंत आहे!"

मी म्हटलं, "मंग तुमचा पंप दिवाळीपासून बंद काऊन आहे?"

दुसऱ्याच दिवशी पंप सुरू झाला. माहा झाडू बी वाचला. ते 'कै.' मात्र काही केल्या मिटत नाई.