आंब्याला टांगलेलं मडकं

एवढंच सांगा साहेब, शेवटी दादाच्या तोंडात पाणी कुणी घातलं? — तुमालाबी ठाऊक न्हाय व्हय? दिल्लीला विचारलं, पेटीबरोबर आलेल्या माणसाला विचारलं — तो म्हणला, हृदय बंद पडलं, कागदात सगळं हाय. कागदात पाणी कुठं असतंय? पेटी उघडाय मी पाना घेऊन धावलो तर चौघांनी धरलं मला. पेटीसकट सरणावर चढवला. सख्ख्या भावाचं तोंड न्हाय बघाय मिळालं.

बसा की. त्या बाजेवर बसा, पांढरी पँट हाय, चिखल लागंल. — मडकं न्यायला आलाय ना? ते बघा, विहिरीवरच्या आंब्याला टांगलंय. अस्थी घरात आणत न्हाईत आमच्यात. आसावरीवहिनी जाताना बजावून गेल्यात — हात लावू नका, नेव्हीचा माणूस येईल, बोटीवरनं समुद्रात सोडतील, दादानंच तसं लिहून ठेवलंय म्हणं. — ठेवलं असंल. मी सातवी नापास, मला कोण वाचून दाखवतंय?

तुमी कधी भेटला होता त्याला? न्हाय? मग काय सांगणार तुमी मला! ऋषीदादा पोहायला शिकला ह्या कालव्यात, आणि मला पाठीवर घेऊन त्यानंच शिकवलं. नऊ वर्षं नेव्हीच्या बोटीवर काढली, मग मोठी परीक्षा देऊन परदेशी वकिलातीत गेला — आईला, गोजरबाईला, ते कधी पटलंच न्हाय. दर फोनला विचारायची, "आता बोट कुठं लावलीस रं?" देशादेशांची भांडणं मिटवायचा म्हणं. हितं चुलत्याशी बांधाचं मिटंना. तात्याबाचुलता म्हणायचा, "साहेब, तुमी तिकडचं बघा, हितलं आमी बघतो!" दादा हसायचा, बूट काढून पाटात पाय सोडून बसायचा — "यशा, सगळ्या जगाचं पाणी बघितलं, पण एवढं गार कुठं न्हाय." हे बोललाय तो. हे कुणी लिहून घेतलंय का?

गेला त्या दिवशी दोनदा फोन आला त्याचा. कालव्याचं पाणी आलेलं, मी उसाला दारं धरत होतो, पाट फुटत होता — कापला फोन. म्हणलं, साहेब काय, करतील परत. तिकडं खोलीत एकटा होता म्हणं तो. आणि मी — उसाला पाणी दिलं साहेब मी. उसाला! — वहिनींना सांगू नका हे.

अहो थांबा, काढू नका ते मडकं. — त्यात माती हाय. वावरातली. आमच्याकडं आता रक्षा नदीत सोडत न्हाईत, वावरात खड्डा घेत्यात, वर झाड लावत्यात. त्या नारळाखाली आबा हाय, आमचा बाप. त्याच्या शेजारी ओतला मी दादाला — एकट्यानं, कुणाला न विचारता. आयुष्यभर लांबच होता की तो! — तुमची बोट थांबलीय, वहिनी थांबल्यात, त्याची लेक थांबलीय, कळतंय मला. पण आता काय करू? सांगा की! — उकरून बघितलं सकाळी, चिखलात काय हाताला लागत न्हाय. कसं लागंल? काल कालवा सुटला. ऊस करपायला लागलाय, तरी उसाला न्हाय दिलं. फावड्यानं पाट फोडला, आणि पैलं पाणी त्याच्याकडं वळवलं.

जावा तुमी.